पाच जण आत

बाथरूमची कडी आतून खट्‌कन लागली आणि इतका वेळ चिडीचूप असलेलं घर एकदम कामाला लागलं.

"गेला," सासूबाई कुजबुजल्या. "चल, काढ लवकर."

तिने उशीखालून मोबाइल काढला. खरं तर स्वतःच्या घरात स्वतःचाच मोबाइल उशीखाली लपवायचं काही कारण नव्हतं. पण चोरी करायची म्हटली की माणूस आधी चोरासारखा वागायला लागतो आणि मग चोरी करतो. सासूबाई हातात टॉवेल घेऊन बाथरूमच्या दाराशी पहाऱ्याला उभ्या राहिल्या. आत बादलीत पाणी पडत होतं. नवऱ्याची रविवारची अंघोळ सावकाश असायची. आठवडाभर लिफ्टच्या खड्ड्यांत उतरून वंगणाने माखणारा माणूस, रविवारी स्वतःला घासून घासून काढायचा.

"पाणी चालू आहे अजून," सासूबाईंनी खबर दिली.

मोबाइलवर थिएटरच्या खुर्च्या उमटल्या. भरलेल्या करड्या, रिकाम्या पांढऱ्या. पुढच्या रविवारचा दुपारचा खेळ. सिनेमा विनोदी होता, दुकानातली सगळी माणसं बघून आली होती आणि चार दिवस पोट धरून हसत होती. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेमी चढवायच्या, कानामागे काडी वाकवून द्यायची आणि विचारायचं, "आता कसं दिसतंय?" तिथेच मालकाच्या मुलीने तिला हे मोबाइलवरचं तिकीट काढणं शिकवलं होतं.

"मागून तिसरी रांग. पाच सलग आहेत," ती म्हणाली.

"मधे मी. नीट बघ हं. एका अंगाला थोरला, एका अंगाला धाकटा."

"हो आई. भाऊजी, तुम्ही, हे, मग बटण, मग मी."

बटण म्हणजे तिची पाच वर्षांची लेक. जन्मली तेव्हा एवढीशी, गोल आणि चपटी होती, म्हणून मोठ्या काकांनी ठेवलेलं हे नाव. काका घरी यायचे थांबले, नाव तेवढं राहिलं.

खुर्च्या तिच्या नावावर अडकल्या आणि कोपऱ्यात घड्याळ उलटं पळायला लागलं. आता ओटीपी यायचा, तो नेमका नवऱ्याच्या मोबाइलवर. तो फळीवर गुरगुरला.

"बाबांचा फोन वाजला!" बटण दुधाच्या कपातून तोंड वर काढून ओरडली.

"कोणाचा आहे गं?" आतून आवाज आला.

"कंपनीचा! जाहिरात!" सासूबाई इतक्या तत्परतेने म्हणाल्या की तिला हसू आवरेना. जन्मात खोटं न बोललेली बाई, पण सुरुवात झकास केली होती.

तिने आकडे वाचले, दाबले, डोळे मिटले. उघडले तेव्हा मोबाइलवर काळ्या ठिपक्यांचा एक चौकोन आला होता, आणि खाली लिहिलं होतं, पाच व्यक्ती.

"झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"झालं."

तेवढ्यात पाणी थांबलं. सासूबाईंनी टॉवेल दाराच्या फटीतून आत सरकवला आणि जसं काही झालंच नाही अशा चेहऱ्याने तांदूळ निवडायला बसल्या. खडे मात्र त्या निवडलेल्या तांदळातच टाकत होत्या.

*

ही सगळी उठाठेव सासूबाईंच्या एका वाक्यापायी होती. एका संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता त्या म्हणाल्या होत्या, "मला ना, एकदा दोघांच्या मधे बसायचंय."

"कुठल्या दोघांच्या?"

"माझ्या दोघांच्या. नुसतं बसायचं. बोलले नाहीत तरी चालेल." मग बराच वेळ उशीचा अभ्रा हाताने सारखा करत बसल्या आणि म्हणाल्या, "सिनेमाला कुठं बोलायचं असतं? पुढे बघायचं असतं फक्त."

तिला ते एकदम पटलं. जेवायला बोलावलं तर समोरासमोर बसावं लागतं. कुणाच्या घरी गाठ घालावी तर 'ये', 'बस' म्हणावं लागतं. सिनेमा हीच एक जागा अशी, की माणसं मांडीला मांडी लावून बसतात, एकाच गोष्टीला हसतात, आणि एकमेकांकडे बघायची सक्ती नसते.

दोघा भावांत पैशाचं भांडण नव्हतं, घराचं नव्हतं. थोरले लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर. सासरे गेले तेव्हा ते बस घेऊन अर्ध्या वाटेत होते. मागे गाडीभर माणसं, ती रस्त्यात सोडून कसे येणार? पुढच्या गावी बदली ड्रायव्हर मिळाल्यावर निघाले आणि मिळेल त्या वाहनाने येत राहिले. इकडे शेजारीपाजारी म्हणत होते, किती वेळ ठेवायचं, उजेड असेपर्यंत उरकायला हवं. कुणीतरी ठरवायला हवं होतं. सगळे धाकट्याच्या तोंडाकडे बघत होते. तो म्हणाला, "निघू या."

थोरले आले तेव्हा लोक स्मशानातून परतले होते. ते दारातच उभे राहिले. एवढंच म्हणाले, "थोडं थांबला असतात." पाणीसुद्धा न घेता गेले. तेव्हापासून त्यांनी उंबरा शिवला नव्हता आणि धाकट्याने घरात त्यांचं नाव काढलं नव्हतं. सासूबाई मधल्या मधे दोन्हीकडून रिकाम्या झाल्या होत्या.

थोरल्या जावेला तिने फोन केला तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "विचारते." दोन दिवसांनी फोन आला. "येतो म्हणालेत. आईसाठी येतो म्हणाले, पण इस्त्रीला शर्ट टाकलाय गं."

"तुम्हीपण या ना, ताई."

"नको बाई. सगळेच आलो तर भांडणाला गर्दी होईल. सीटं मोजकीच बरी."

"ह्यांना मात्र सांगितलेलं नाही मी."

"सांगूच नकोस. अंधार झाला की कळेल."

दोघी हसल्या. तिकिटाचं चित्र तिने जाऊबाईंना पाठवून दिलं. त्यांनी ते भाऊजींच्या मोबाइलवर टाकलं. सगळ्यांकडे तिकीट असलेलं बरं, उगाच दारात शोधाशोध नको, एवढाच तिचा हिशेब. त्या ठिपक्यांच्या चौकोनाखाली बारीक अक्षरांत काय काय लिहिलं होतं, ते दिवसभर दुसऱ्यांना बारीक अक्षरं वाचून दाखवायला लावणाऱ्या बाईने वाचलंच नाही.

*

रविवारी निघायला उशीर झालाच. बटणचा एक बूट सापडेना. सापडला तेव्हा तो तिच्याच पायात होता, दुसराच हरवला होता. सासूबाईंनी ठेवणीतली साडी नेसली होती. नवरा खुशीत होता.

"आई, एवढी नटून कुणाला भेटायला चालली आहेस? हिरोला?"

"गप रे," सासूबाई म्हणाल्या आणि तिच्याकडे चोरून बघितलं.

थिएटर चौथ्या मजल्यावर. लिफ्टमध्ये नवऱ्याने सवयीने कान वर केले. "दोरीला तेल नाही. कुठल्या गाढवाने सर्व्हिसिंग केलंय कोण जाणे," तो म्हणाला. मग बटणला उचलून मजल्यांचे आकडे बघायला लावलं. इतकं सगळं सुरळीत चाललं होतं की तिने दोनदा पर्स उघडून मोबाइल जागेवर आहे ना ते बघितलं.

वर पोचले तेव्हा खेळ सुरू होऊन गेला होता. दारावर गणवेशातली एक बाई हातात यंत्र घेऊन उभी होती. तिने आपला मोबाइल त्या बाईपुढे केला. यंत्र वेगळंच वाजलं आणि लाल झालं. बाईने पुन्हा धरलं. पुन्हा लाल.

"हे तिकीट वापरून झालंय, ताई."

"असं कसं? आम्ही तर आत्ता येतोय."

"मशीन सांगतंय ना. पाच जण आत."

"पाच?" नवरा हसला. "अहो, आम्ही चार. आणि चौघंही तुमच्या डोळ्यांसमोर बाहेर उभे आहोत. हवं तर हात लावून बघा."

"एका बुकिंगला एकच कोड असतो, दादा. एकदा वाजला की सगळे आत धरतं ते. मघाशी एक काका आले होते, खेळाच्या किती आधी. बाकीची माणसं मागून येतायत म्हणाले. मागे रांग लागली होती, मी सोडलं."

ड्रायव्हर माणूस. गाडी सुटायच्या किती आधी स्टँडवर हजर व्हायची आयुष्यभराची सवय. हे तिच्या डोक्यात यायला हवं होतं.

"कोण काका?" नवऱ्याने विचारलं. मग तिच्याकडे वळून, "पाच तिकिटं काढलीस तू?"

सासूबाईच म्हणाल्या, "तुझा दादा आहे तो. मीच सांगितलं हिला."

आरडाओरडा केला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याने बटणला खांद्यावरून खाली ठेवलं, तिचा फ्रॉक सारखा केला, आणि भिंतीवरच्या पुढल्या सिनेमांच्या चित्रांकडे जाऊन उभा राहिला.

"आत जे आहेत त्यांना फोन करा ना," दारावरची बाई म्हणाली. "ते बाहेर येऊन सांगू देत तुम्ही त्यांच्यातलेच म्हणून. मग सोडते."

तिने फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. जाऊबाईंना लावला.

"अगं, ते बसले की फोन बंद करतात. बसमध्ये बसले काय, खुर्चीत बसले काय," जाऊबाई म्हणाल्या. "का गं? झालं का सुरू? बोलले का?"

"नाही अजून," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

"आम्हाला नवीन तिकिटं द्या मग."

"शो फुल्ल आहे, ताई."

"अहो, पण त्याच खुर्च्या तर रिकाम्या आहेत ना! आमच्याच!"

"मला दिसतंय हो," बाई हळूच म्हणाली. "मलाही पोरंबाळं आहेत. पण माझ्या हातात काय? मशीन म्हणतं तुम्ही आत आहात." मग तिलाच दया आली असावी. "थांबा, बॅटरीवाल्याला पाठवते आत."

ती नवऱ्याजवळ गेली. तो चित्राकडे बघत होता, पण चित्र बघत नव्हता.

"अहो."

"तुम्ही दोघींनी मिळून मला चांगलं वेड्यात काढलंत."

"सांगितलं असतं तर आला असतात?"

"नाही."

"मग?"

"मग काय मग? काय बोलू मी त्याच्याशी?"

"काही बोलायचं नव्हतंच. म्हणून तर सिनेमा."

तो हसल्यासारखं करून म्हणाला, "तो विचारेल."

"नाही विचारणार. भाऊजी तसे नाहीत."

"तेच तर," तो म्हणाला. "विचारलं नाही तर मी काय करू? शेजारी बसून राहील तो. माझा हात त्याच्या हाताला लागेल. आणि विचारणार नाही." त्याने दोन्ही तळवे पँटला पुसले. रविवारी धुतलेले, स्वच्छ तळवे. "सगळे माझ्याकडे बघत होते गं तेव्हा. कुणी एकाने म्हणायचं होतं ना, थांबू या म्हणून. एकाने तरी."

ती तेव्हा तिथेच होती. काही महिन्यांची बटण तिच्या मांडीवर होती. तीही काही म्हणाली नव्हती. दुकानात नवीन चष्मा लावून डोळे चोळणाऱ्या माणसांना ती नेहमी सांगायची, सवय होईल, चार दिवस जड जाईल. इथे ते म्हणता येईना.

बॅटरीवाला बाहेर आला. साठीचा, शांत माणूस. आवाज उगाचच मोठा, कारण आतल्या आवाजाची सवय.

"आहेत हो एक काका! चार खुर्च्या अडवून बसलेत. एकीवर पिशवी, एकीवर टोपी, एकीवर छत्री आडवी टाकलीय, एकीवर नुसता हात ठेवलाय. पुढच्या रांगेतली माणसं मागे येऊ बघतात, त्यांना बसू देत नाहीत. म्हणतात, माझी माणसं येतायत." तो हसला. "बाहेर चला म्हटलं, तर म्हणाले, मी उठलो की जागा जाईल. त्यांनाच आत पाठवा."

नवऱ्याने हे सगळं ऐकलं. तिला वाटलं, आता. आता हा पुढे होणार. दारावरच्या बाईने तर वाट देण्यासाठी अंग चोरलंसुद्धा होतं.

"जा आई तू," तो म्हणाला.

सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "मी जाऊ?"

"जा ना. मी कुठं अडवलंय?"

"आणि तू?"

"येतो. व्हा तुम्ही पुढे. खाली गाडी जरा आडवी लागलीय, सरळ लावून येतो."

गाडी सरळ लावली होती. बटणनेसुद्धा 'बाबा, बरोबर रेषेत' म्हणून टाळ्या वाजवल्या होत्या. तो लिफ्टकडे गेला नाही, जिन्याने उतरला. त्याच्या चपलांचा आवाज एका मजल्यापर्यंत ऐकू आला, मग थांबला.

"येतो म्हणाला," सासूबाई तिला म्हणाल्या. जणू समजूत तिचीच घालायची होती. मग त्यांनी पदर सारखा केला, बॅटरीवाल्याने त्यांच्या पायापुढे उजेडाचा एक गोल टाकला आणि त्या गोलामागून एकेक पाऊल टाकत त्या अंधारात गेल्या. दार लागलं.

"तुम्ही पण जा की, ताई," दारावरची बाई म्हणाली. "मुलीला तरी बघू दे."

"हो, जाते," ती म्हणाली.

पण जाता येईना. दोघी आत गेल्या तर तो खाली एकटाच राहणार, आणि मग वर यायचं त्याला कारणच उरणार नाही. खाली त्याच्याकडे जावं, तर आत सासूबाई दर क्षणाला दाराकडे बघत असतील. कठड्यावरून वाकून पाहिलं तर खालच्या मजल्यावर तो दिसत होता. लिफ्टसमोर उभा. लिफ्ट यायची, दार उघडायचं, माणसं चढायची, उतरायची, दार मिटायचं. तो आत चढत नव्हता. नुसता वरचे आकडे बघत होता, नादुरुस्त लिफ्टपुढे उभा राहावा तसा.

तिने हाक मारली नाही. हाक मारली असती तर त्याला वर बघावं लागलं असतं, आणि त्याला ते जमलं नसतं, हे एवढ्या लांबूनही तिला कळत होतं.

ती बाकावर बसली. बटण शेजारी बसली, पाय हलवत. दारावरच्या बाईने बटणला यंत्र दाखवलं, त्याची कळ दाबू दिली. एकदा ते हिरवं वाजलं, बटण खूश झाली. मग कंटाळली.

"आई, बाबा गाडी किती सरळ लावतायत?"

"लावतील गं."

"आपली खुर्ची कुठली होती?"

"तुझी माझ्याजवळची."

"तिच्यावर आता छत्री बसलीय?"

"हो."

"म्हणजे छत्री सिनेमा बघतेय?" बटण स्वतःच्याच विनोदावर खुदकन हसली. तिनेही हसायचा प्रयत्न केला.

कुणीतरी पाणी प्यायला बाहेर आलं. दार उघडलं आणि त्या फटीतून आतलं सगळं हसू एकदम बाहेर सांडलं. भरलेलं थिएटर खदखदून हसत होतं. जाडं हसू, बारीक हसू, टाळ्या, कुणाचा तरी ठसका. बटण बाकावरून उडी मारून दाराशी गेली. कान लावून, भुवया आक्रसून, दार हळूहळू मिटेपर्यंत ऐकत राहिली. मग वळली.

"आई, त्याच्यात आजीचं हसू कुठलं होतं?"